जिवंत नमुना

देल्फिना मेलेला मासा घेऊन वर्गात गेली, त्या दिवशी पाचवीची पोरं तोंडावर हात धरून हसली. मातानो तळ्याहून बर्फात घालून आणलेला लोऊहान होता तो, बाहेरून येऊन तळी बळकावणारा परका मासा. चार तासांच्या रस्त्यात त्याचा रंग पार उतरला होता. लालभडक अंग राखेसारखं झालेलं, कपाळावरचं टेंगूळ बसलेलं. ज्या काळ्या ठिपक्यांच्या ओळीवरून हा मासा ओळखायचा, ती ओळ तिला स्वतःलाच बोट ठेवून दाखवता येईना. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "इबू, हा तर बाजारातला शिळा मासा दिसतोय." इबू म्हणजे बाई. शाळेतच काय, सगळ्या गावात तिला तीच हाक होती.

हसण्यावारी गेलं असतं तर तिनं मनावर घेतलं नसतं. पण आठवड्याभरानं एक पोरगा धावत धावत तिच्या दारात आला. लोऊहान सापडला, म्हणाला, आणि मी त्याला दगडानं ठेचला. त्यानं मूठ उघडली तर आत ओपुडी होता. बोटाएवढा, निळ्या पाठीचा, पिवळ्या पंखांचा, वातुसिना तळ्याचा अगदी घरचा मासा. या डोंगरांतल्या तळ्यांबाहेर जगात कुठंही न सापडणारा. ज्याला वाचवायचं म्हणून ती महिनाभर घसा कोरडा करत होती, त्यालाच पोरानं शत्रू समजून मारलं होतं, आणि शाबासकीसाठी तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

देल्फिना वातुसिनाचीच. तिचा बाप योसाफात गावातला जुना कोळी. तळ्याच्या कुठल्या खडकाखाली कुठला मासा अंडी घालतो, हे त्याला पाठ होतं आणि त्यानं ते तिला शिकवलं होतं. लग्न करून ती मातानोच्या काठी गेली, नवरा खाणीवर कामाला, ती तिथल्या शाळेत. चौदा वर्षं तिथं काढली. गेली तेव्हा घरासमोरच्या उथळ पाण्यात सकाळी ओपुडींच्या जोड्या नाचायच्या. मग कुणीतरी हौसेनं पाळलेला लोऊहान कंटाळून तळ्यात सोडला. कुणी सोडला ते कधी कळलं नाही. पहिल्या वर्षी लोकांना गंमत वाटली. पाचव्या वर्षी घरासमोर फक्त लोऊहान दिसायला लागले, दुसऱ्या कुणाला काठाशी फिरकू न देणारे. त्याच सुमारास नवरा तापानं गेला. तिच्या मनात ही दोन मरणं एकमेकांत अशी गुंतली की एकाचं आठवताना दुसरं आपोआप आठवायचं. तिनं बदली मागून घेतली आणि बापाच्या घरी परत आली. वातुसिना अजून स्वच्छ होतं. डोंगराच्या कुशीतलं लहानसं तळं, इकडे कुणाचं येणं-जाणं नाही म्हणून वाचलेलं.

पण आता डांबरी रस्ता आला होता. दुकानदाराच्या रिक्सननं दुकानात काचेची पेटी मांडून सोनमासे ठेवले होते, आणि नाताळच्या आधी लोऊहानची जोडी आणणार असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. पोरांनी त्या जोडीची नावंसुद्धा ठरवून टाकली होती. अंगावरचे काळे ठिपके अक्षरांसारखे असतात, ते वाचता आले तर नशीब उघडतं, असंही कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. देल्फिना रिक्सनशी बोलली. तो नम्रपणे हो हो म्हणाला. त्याच्या हो हो मधलं नाही तिला ऐकू आलं.

मुख्याध्यापक मेल्कियास निवृत्तीला आलेला सुस्वभावी माणूस. ठेचलेल्या ओपुडीची गोष्ट त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला, चित्रातल्या मगरीला पोरं भीत नाहीत, मेलेल्या मगरीला तर काठीनं ढोसतात. जिवंत दाखवा. आपण गावकऱ्यांनाही बोलावू, पाद्रीबाबांना बोलावू, रिक्सनलाही बोलावू. सगळ्यांसमोर दाखवा आणि सगळ्यांसमोर मारून शिजवा. पुन्हा कुणी आणायचं नाव काढणार नाही.

तिला ते पटलं. खरं तर तिच्या मनातलंच तो बोलला होता.

घरी तिनं बापाला सांगितलं तेव्हा तो जाळ्याची भोकं सांधत बसला होता. त्यानं दोरा दातानं तोडला. मग म्हणाला, "मेलेले हवे तेवढे आण. जिवंत आणू नकोस."

"पापा, झाकणाचा डबा असेल. शाळेतून तळ्यात मासा काय चालत जाणार आहे?"

"तळ्याला दार नसतं, देल्फी."

तिनं वाद घातला नाही. बाप म्हातारा झाला, वर्गात कधी उभा राहिला नाही, चाळीस पोरांच्या डोक्यात एखादी गोष्ट उतरवायची म्हणजे काय असतं ते त्याला काय ठाऊक, असं तिला वाटलं. पुढे कितीदा तरी तिला हे वाटणं आठवायचं होतं.

बुधवारी ती मातानोहून दोन लोऊहान घेऊन आली. नणदेच्या मुलानं गळाला लावून दिले होते, एक नर, एक मादी. झाकण दोरीनं करकचून बांधलेली बादली तिनं सगळा रस्ता दोन पायांत धरली होती. पेटी रिक्सननंच दिली, आनंदानं दिली. शनिवारी गावासमोर कार्यक्रम ठरला होता, तोवर तीन दिवस पोरांनी निरखावं, वहीत लिहावं, असं तिनं ठरवलं. पेटी वर्गाच्या कोपऱ्यात, जाड फळीचं झाकण, फळीवर वीट. वर्गाची किल्ली तिच्याकडे.

पोरं तीन दिवस जागची हलली नाहीत. काचेवर बोट फिरवलं की नर त्या बोटामागं यायचा, थांबलं की थांबायचा, आणि टेंगळाखालच्या गोल डोळ्यांनी माणसाकडं माणसासारखा बघायचा. इतर मासे माणूस दिसला की पळतात. हा जवळ यायचा. देल्फिना सांगत होती, पाहा, हा कुणाला भीत नाही, म्हणून तर दुसऱ्याचं घर बळकावतो. पोरं माना डोलवायची, लिहून घ्यायची आणि पुन्हा बोट फिरवायला लागायची. नराचं नाव राजा पडलं. तिनं नाव देऊ नका म्हणून सांगितलं, पण उद्या ज्याला मारायचं त्याला नाव देऊ नये हे दहा वर्षांच्या पोरांना कसं समजवायचं, ते तिला सुचलं नाही.

सगळ्यांत जास्त वेळ पेटीपाशी ग्रासेला बसायची. बारीक अंगाची, कमी बोलणारी पोर. आई चार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे तावाऊला घरकामाला गेली होती, बापाचा पत्ता नव्हता. धक्क्याजवळ आजी सार्सेच्या घरात ती राहायची. वहीत इतरांनी चार ओळी लिहिल्या तर तिनं चार पानं लिहिली. कोणता मासा कुठल्या कोपऱ्यात झोपतो, कोण आधी खातो, मादीचा कल्ला किती वेळा हलतो. देल्फिनाला वाटलं, इतक्या वर्षांत एक तरी खरी विद्यार्थिनी मिळाली. माशांना खाणं घालायचं आणि शाळा सुटल्यावर खिडक्या लावायच्या, हे काम तिनं ग्रासेलाला दिलं.

शुक्रवारी सकाळी पेटीच्या तळाला ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यावर अंडी दिसली. शेकड्यांनी, पिवळसर, साबुदाण्यासारखी चिकटलेली. मादी वर तरंगत पंखांनी वारा घालत होती. नर फेऱ्या मारत होता, काचेवर बोट आलं की आता तो खेळत नव्हता, धडक मारत होता.

देल्फिनानं गणिताचा तास बाजूला ठेवला. असा धडा पुन्हा मिळायचा नव्हता. तिनं सगळ्यांना भोवती बसवलं आणि सांगितलं की हे मासे जिंकतात ते का, ते आता डोळ्यांनी पाहा. आपला ओपुडी अंडी टाकतो आणि निघून जातो, कधी कधी स्वतःचीच अंडी खातो. याची आई अंड्यांजवळून हलत नाही. बाप हलत नाही. पिल्लं पोहायला लागली तरी दोघं त्यांना मध्ये घेऊन फिरतात. जीव गेला तरी सोडत नाहीत. म्हणून यांची सगळी वाढतात आणि आपली संपतात.

बोलताना तिचा आवाज चढला होता. आज आपण फार छान शिकवलं, असं तिला वाटत होतं आणि ते खरंही होतं.

ग्रासेलानं हात वर केला. "आई कधीच सोडून जात नाही, इबू?"

"कधीच नाही."

"मग उद्या अंडीपण मारायची?"

देल्फिना म्हणाली, आधी अंडीच मारायची.

दुपारी तिला बापाला घेऊन शेजारच्या गावच्या दवाखान्यात जायचं होतं, त्याचा गुडघा सुजला होता. किल्ली तिनं ग्रासेलाच्या हातात दिली आणि खिडक्या लावून किल्ली सार्सेआजीकडे ठेव म्हणून सांगितलं. दवाखान्यात गर्दी होती. परतायला अंधार पडला.

शनिवारी सकाळी सार्सेआजीकडून किल्ली आणून वर्ग उघडला तेव्हा वीट जमिनीवर नीट ठेवलेली होती, फळी भिंतीला टेकवलेली होती, आणि पेटीत पाणी तेवढं होतं. मासे नव्हते. फरशीचा तुकडाही नव्हता.

पहिल्यांदा तिला रिक्सनचा संशय आला. ती तशीच दाराबाहेर पडली, तर पायरीवर ग्रासेला बसलेली. केस विंचरलेले, गणवेश धुतलेला. पळाली नव्हती, लपली नव्हती. इबूनं विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. ओंजळीनं नाही, बादलीनं नेले, एकेक करून. अंड्यांना हवा लागू नये म्हणून फरशी पाण्यातच ठेवून नेली. धक्क्याच्या खालच्या पायरीशी सपाट दगड आहे, त्यावर फरशी ठेवली. आई लगेच जवळ आली, इबू, बाप जरा उशिरानं आला. सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

त्या पायरीवर उभं राहून, येणाऱ्या पोरांसमोर, पाद्रीबाबांसमोर, कार्यक्रमासाठी नटून आलेल्या बायकांसमोर ती म्हणाली, "तळं मारलंस तू. तुझ्या एका हातानं सगळं तळं मारलंस. तुझी आई गेली ती का गेली, ते आता कळलं मला."

शेवटचं वाक्य कुठून आलं ते तिला कळलं नाही. पण आलं ते आलं. तोंडातून सुटलेलं कुठल्या जाळ्यानं परत ओढता येतं? ग्रासेलाच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला नाही, गोठला. तेवढ्यात सार्सेआजीनं पुढं होऊन नातीचा हात धरला आणि तिला घेऊन गेली. जाताना म्हातारी देल्फिनाला एवढंच म्हणाली, "किल्ली तुम्ही दिलीत."

धक्क्याखाली पाणी इतकं नितळ होतं की दगडावरची फरशी वरूनच दिसत होती. कोरी. अंडी फुटून पिल्लं निघून गेली, की आईबापांनी दुसरीकडं नेली, की कुठल्या माशानं खाल्ली, हे फरशीला सांगता येत नव्हतं. योसाफात सुजलेल्या गुडघ्यानं होडीत बसला. त्यानं काठाला समांतर जाळं टाकलं, दुसऱ्या टोकाला देल्फिना कमरेइतक्या पाण्यात. पहिल्या दिवशी अर्धं गाव मदतीला आलं. दुसऱ्या दिवशी रविवार, प्रार्थनेनंतर पाच-सहा जण आले. तिसऱ्या दिवशी नर जाळ्यात सापडला. पाण्याबाहेर काढला तरी तो जाळ्याला धडका देत होता. त्याच्या मागावर मादी असेल म्हणून त्यांनी तिथंच आठ दिवस जाळं लावलं. मादी सापडली नाही.

कुणी रागावलं असतं तर देल्फिनाला बरं वाटलं असतं. पण गावात कुणी रागावलं नाही. एकच तर मासा, इबू, लोक म्हणायचे, आणि तळं केवढं. कुणी तिच्या हातात केळी ठेवायचं, कुणी म्हणायचं एवढं काय मनाला लावून घेता, लोऊहान तर लोऊहान, तळून खाऊ. मेल्कियासनं तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की वरच्या कचेरीला कळवायची घाई करू नये, कार्यक्रमाचा कागद आपल्या दोघांच्या सहीचा आहे. तरी तिनं कळवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की अहवाल मिळाला. त्यापलीकडं काही नाही.

बापानं एक शब्दही दोष दिला नाही. तो जेवताना आधी बोलायचा, तळ्यात आज काय दिसलं ते सांगायचा. आता कापुरुंगची वाटी समोर घेऊन साबुदाण्याचे गोळे गिळायचा आणि उठायचा. एकदा तिनं विचारलं, पापा, काही बोला तरी. तो म्हणाला, बोलण्याची वेळ होती तेव्हा बोललो होतो. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

ग्रासेला शाळेत यायची बंद झाली. देल्फिना सार्सेआजीच्या घरी तीनदा गेली. पहिल्यांदा पोर मागच्या दारानं निघून गेली. दुसऱ्यांदा आजीनं दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा उघडलं आणि ओसरीत बसवलं. आत पडद्यामागं पोर आहे हे माहीत असून देल्फिना पडद्याकडं तोंड करून बोलली. म्हणाली, चूक माझी होती. मासा मी आणला, किल्ली मी दिली, आणि त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे तुझ्या आईबद्दल बोलले ते खोटं होतं, रागानं बोलले. तुझी आई तुझ्यासाठीच गेली आहे.

पडदा हलला नाही. आजी म्हणाली, "ती आता आईचा फोन आला तरी घेत नाही. म्हणते, मला टाकून गेली तेच बरं केलं."

देल्फिना घरी आली आणि दोन दिवस शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, कारण घरी बसून बापाचं गप्प बसणं ऐकण्यापेक्षा ते सोपं होतं.

पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत रोज सकाळी ती काठानं चालायची. उथळात ओपुडी नाचायचे, जोडीजोडीनं, निळा पिवळ्यामागं, पिवळा निळ्यामागं. कधी कधी तिला वाटायचं, मादी एकटीच होती, म्हातारी होऊन मरून गेली असेल. आशा फार लबाड असते, रोज थोडं थोडं खायला मागते. ती तिला घालत राहिली.

मग एका मंगळवारी मधल्या सुट्टीत सातआठ पोरं ओरडतच वर्गात आली. सगळ्यांचे पाय ओले. एकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात नखाएवढी दोन पिल्लं. त्यांनी एकमेकांना ढकलत सांगितलं, इबू, आम्ही ओळखलं. तुम्ही शिकवलं होतं तसंच. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत ठिपक्यांची ओळ, कपाळ जरा उंच, दाणा टाकला की पळत नाहीत, जवळ येतात. ओपुडी असता तर पळाला असता. आम्ही ठेचलं नाही, आधी तुम्हाला दाखवायला आणलं. ज्या पोरानं तेव्हा ओपुडी ठेचला होता तोच सगळ्यांत पुढं होता. त्यानं वहीसुद्धा आणली होती, त्यात काढलेलं चित्र पिशवीशेजारी धरून तो एकेक खूण जुळवून दाखवत होता. एकही खूण चुकली नव्हती.

देल्फिनानं पिशवी उजेडात धरली. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बरोबर आहे म्हणाली. शाबास म्हणाली. तोंड फिरवून फळा पुसायला लागली, आधीच पुसलेला.

तिनं विचारलं, किती होती? पोरं म्हणाली, ढग होता इबू, नुसता ढग. आणि त्याच्या वर दोन मोठे.

दोन. म्हणजे पहिल्या पिल्लांतला एखादा नर वयात आला होता. त्या आठवड्यात योसाफातनं बारीक जाळं टाकून तो ढग बराचसा उचलला. पुढच्या महिन्यात पलीकडच्या काठाला दुसरा ढग दिसला, मग ओढ्याच्या मुखाशी तिसरा. देल्फिनानं पोरांचे गट केले, आठवड्यातून दोनदा गळ घेऊन काठाला बसवलं. पालथ्या घड्यावर पाणी. पोरं वीस पकडायची, तोवर पाण्याखाली दोनशे व्हायचे. गावाच्या प्रमुखानं लोऊहान पकडायची स्पर्धा ठेवली, झेंडे लावले, कर्णा लावला. शेजारच्या गावांतून माणसं आली. स्पर्धेनंतर काही पोरांनी आपापले राजे निवडून बादलीत घालून घरी नेले, दुसऱ्या ओढ्यांच्या, दुसऱ्या तळ्यांच्या गावांत. देल्फिनानं दोन बादल्या अडवल्या. तिसरी मोटारसायकलवरून तिच्यासमोरून गेली.

दीड वर्षानं सकाळच्या चालण्यात ओपुडीची एक जोडी दिसली तर ती थांबून बघायची. दोन वर्षं होताना दिसणं थांबलं. नव्या पाचवीला ती ओपुडी शिकवायची तेव्हा फळ्यावर चित्र काढावं लागायचं. पोरं विचारायची, हा कुठं मिळतो? तळाशी राहणारा बुतिनी अजून जाळ्यात यायचा, पण वीतभर असायचा तिथं चार बोटांचा. एका सकाळी योसाफातनं होडी पाण्यातून ओढून काढली. देल्फिनाला आणि शेजारच्या दोघांना हात लावायला लावून घरामागं नेली आणि पालथी घातली. गुडघा दुखतो म्हणाला. दोन वर्षं तो त्याच गुडघ्यानं जात होता.

ग्रासेला सापडली ती याच सुमारास. सापडली म्हणजे ती कुठं गेली नव्हतीच, धक्क्याच्या पलीकडं, वेताच्या बेटामागं एक कातळ होता, तिथं ती रोज असायची. देल्फिना पलीकडच्या काठाचे मासे बघायला वाट काढत गेली तेव्हा दिसली. बारा वर्षांची झाली होती, उंच, हडकुळी. हातात बांबूचा गळ, शेजारी लाकडाचा ठोकळा. तिच्या पाठीमागं कातळावर लोऊहान पडले होते, ओळीनं, लहान मोठे, काही आजचे, काही वाळून कातडं झालेले, काहींची नुसती हाडं. वास सहन होत नव्हता. माशा घोंगावत होत्या. एक गळाला लागला, तिनं ओढला, ठोकळ्यानं एकदाच मारला, नीट, आणि मागं न बघता ओळीत टाकला. पुन्हा गळ पाण्यात.

सार्सेआजीनं नंतर सांगितलं, त्या शनिवारनंतर आठ दिवसांनी तिनं हे सुरू केलं. पावसातही जाते. खात नाही, विकत नाही, कुणाला देत नाही. तावाऊहून आई एकदा येऊन गेली, चार दिवस राहिली, तेव्हाही ही कातळावरच होती. आई शेजारी जाऊन बसली तर उठून दुसऱ्या दगडावर गेली.

देल्फिना कातळावर चढली. पोरीनं तिच्याकडं बघितलं, उठली नाही. इबू खाली बसली. काय बोलावं हे तिनं दोन वर्षं मनात घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी ती म्हणाली, ग्रासे, आता पुरे. शाळेत ये. हे असं संपणारं नाही, आणि हे तुझं काम नाही.

ग्रासेला पाण्याकडं बघत होती. दोन वर्षांनी ती पहिल्यांदा इबूशी बोलली. आवाज बसका झाला होता.

"अजून किती राहिले, इबू?"

वर्गात चाळीस पोरांना देल्फिनानं कधी खोटं सांगितलं नव्हतं. आकडा माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायची. आता माहीत होता. राहिलेले लोऊहान मोजायचे नव्हतेच, ते रोज वाढत होते. मोजण्याजोगे होते ते ओपुडी, आणि ते संपले होते. तळ्याकडं बघितलं तर पाणी तेवढंच नितळ, तेवढंच निळं. खाली काय चाललंय याचा वर काही मागमूस नव्हता.

ती कातळावर पोरीच्या आणखी जवळ सरकली. गळाचं आमिष संपलं तेव्हा पोरीनं आमिषाचा डबा तिच्यापुढं सरकवला. देल्फिनानं त्यातला एक गांडूळ उचललं, गळाला टोचलं आणि दोरी ग्रासेलाच्या हातात दिली.